सुरक्षा पुस्तिका, सुधारित मराठी आवृत्ती

सत्त्याण्णव साली कंपनीच्या मुंबईच्या हेड ऑफिसनं सुरक्षा पुस्तिकेची सुधारित आवृत्ती काढली आणि सगळ्या तेल डेपोंना पार्सलनं धाडून दिली. सोबतच्या पत्रात मोजून तीन सूचना होत्या. पुस्तिका कामगारांना समजावून द्यावी, समजल्याची सही घ्यावी आणि सह्यांचा तक्ता पंधरा दिवसांत परत पाठवावा. पुस्तिका गुळगुळीत कागदाची, एकशे चाळीस पानांची आणि अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत होती. ज्यांना ती समजावून द्यायची, त्यातले निम्मे लोक मराठी पेपरसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. पण हेड ऑफिसला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना तक्ता हवा होता.

सांगलीबाहेरच्या डेपोत हे पार्सल मधू शेंडेच्या टेबलावर येऊन पडलं. मधू मूळचा वाईचा, आता विश्रामबागेत भाड्याच्या घरात राहणारा, डेपोचा सेफ्टी ऑफिसर. माणूस सरळ. इतका सरळ, की जुन्या पुस्तिकेच्या वेळी साहेबांनी सांगितलं तशा त्यानं एका दुपारी सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. चहाच्या कपाबरोबर तक्ता फिरला आणि कप रिकामे व्हायच्या आत तक्ता भरला. त्या वेळी त्यालाही त्यात काही गैर वाटलं नव्हतं. मग ज्ञानूचं झालं.

डेपोच्या भिंतीला लागून लालासाहेब नावाच्या ठेकेदाराचं यार्ड होतं. हा लालासाहेब उंब्रजचा, त्याचे वीस-बावीस टँकर कंपनीच्या कामावर. टँकर गळायला लागला की वेल्डिंगच्या आधी त्याची टाकी आतून खरवडावी लागते. त्यासाठी कमरेला दोर बांधून एक माणूस वरच्या झाकणातून आत उतरतो आणि तळाचा गाळ बादलीनं वर देतो. दोन वर्षांपूर्वी लालासाहेबाचा गडी ज्ञानू असाच उतरला आणि आतल्या वाफेनं कोसळला. दोर होता म्हणून वर ओढला, जगलाही. पण आता तो स्वतःच्या दारात उभा राहून हे घर कुणाचं म्हणून बायकोला विचारतो. चौकशीच्या वेळी फाईल उघडली तेव्हा त्यात ज्ञानूची सही निघाली. पुस्तिका वाचली, समजली, मान्य. चौकशी तिथंच मिटली. त्या सहीनं मधूच्या डोक्यात जे घर केलं, ते काही सुटेना.

म्हणून या खेपेला त्यानं कानाला खडा लावला होता. टाकीत उतरणाऱ्या माणसाला नियम त्याच्या भाषेत कळला पाहिजे, आणि उतरलेला माणूस आपल्या पायांनी वर आला पाहिजे. बाकी तक्ता गेला चुलीत.

"शेंडे, कशाला नसती उठाठेव?" मॅनेजर वागळे म्हणाले. "गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. सह्या घ्या आणि मोकळे व्हा."

"साहेब, मी फक्त कामाची तीस पानं मराठीत करतो. सायक्लोस्टाईल करून वाटतो. खर्च काहीच नाही."

खर्च नाही म्हटल्यावर वागळ्यांनी हात वर केले. "करा बापडे. पण पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस."

मधू रोज ऑफिसातून आला की पुस्तिका घेऊन बसायचा. बायको अनसूया हरिपूरच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती वह्या तपासता तपासता त्याचं मराठी तपासायची आणि बऱ्याचदा वह्यांपेक्षा जास्त लाल शाई त्याच्या कागदावर सांडायची. टाकीच्या पानाशी गाडं अडलं. मधूनं लिहिलं होतं, 'रिकाम्या टाकीत प्रवेश करण्यापूर्वी आतील वातावरणाची चाचणी घ्यावी.'

"अहो, हे कुणाला कळणार?" अनसूया म्हणाली. "वातावरण म्हटलं की त्यांना पाऊसपाणी आठवेल. त्यांच्या रोजच्यातलं काहीतरी घाला."

"टाकीसारखं रोजच्यातलं काय असतं?"

"पेव," ती म्हणाली. "आमच्या हरिपूरला आहेत ना, हळद साठवायची. जमिनीत दोन-दोन पुरुष खोल, तोंड एवढंसं. माझ्या वर्गातली मुलं सांगतात, पेव उघडलं की हवा तपासल्याशिवाय कुणी आत पाय टाकत नाही. आत विषारी हवा साठते म्हणे."

मधूला ते इतकं आवडलं की त्यानं जुनी ओळ खोडून तिथल्या तिथं नवी लिहिली. 'पेवात उतरण्याआधी जशी हवा तपासता, तशी टाकीची हवा तपासल्याशिवाय आत उतरू नका.' अनसूयेनं ती मोठ्यानं वाचली आणि लाल पेन खाली ठेवलं. पेवाची हवा तपासतात कशी, हे त्यानं विचारलं नाही आणि तिलाही ते ठाऊक नव्हतं. दोघंही शिकलेली माणसं, दुसऱ्याच्या कामाचं कौतुक करायला त्यांना एवढी माहिती पुरली.

पुस्तिका समजावून सांगायचा कार्यक्रम गुरुवारी कँटीनच्या शेडमध्ये ठेवला. आजवर ठेकेदाराच्या माणसांकडं नुसता तक्ता फिरायचा, असल्या कार्यक्रमाला त्यांना कुणी बोलावत नसे. कारण ती कंपनीची माणसं नव्हेत, आणि मेली तरी कंपनीची मरत नाहीत. मधूनं भांडून त्यांनाही बोलावलं. लालासाहेबाचे आठ जण मागच्या बाकावर अवघडून बसले. त्यात आकाराम होता. तिशीचा, अंगानं शिडशिडीत, हरिपूरचा. त्याच्या बापानं, नाथाजीनं, चाळीस वर्षं पेवात काढली होती, आणि आकारामही विशीपर्यंत पेवातच उतरायचा. पुढं व्यापाऱ्यांनी गोदामं बांधली, पेवं पडून राहिली, आणि खाली उतरायची सवय असलेला हा गडी टाक्या खरवडायला लागला.

मधूनं एकेक नियम वाचला, समजावला. डेपोच्या आवारात काडी, विडी, चूल, काही चालणार नाही हे सांगितलं. ते सगळ्यांना पाठच होतं, गेटवरच काडेपेट्या काढून घेत. मग टाकीचं पान आलं. पेवाची ओळ वाचली तशी मागच्या बाकावर हालचाल झाली. सगळे आकारामकडे बघायला लागले.

"सायेब," आकाराम उभा राहिला, "पेवाचं पुस्तकात लिवलंय?"

"लिहिलंय. वाचून दाखवलं ना आत्ता."

"मग टाकीची हवा कशी बगायची?"

खरं उत्तर असं होतं, की त्याचं एक यंत्र असतं, ते मधूनं तीनदा मागवलं होतं आणि मुंबईहून तीनदा 'विचाराधीन' असा कागद आला होता. मधूनं तेही सांगितलं. लपवायचा त्याचा स्वभाव नव्हता.

"यंत्र यीस्तवर काय करायचं मग?" आकारामनं विचारलं.

मधू हसला. आकारामच्या चेहऱ्यावरचा उत्साह बघून त्याला खरोखर आनंद झाला होता. वर्षानुवर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतल्यावर आज कुणीतरी प्रश्न विचारत होतं. "आकाराम, हे तुला मी काय सांगू? तुमची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे ती. पेवावर करता तसंच करा. पण तपासल्याशिवाय उतरू नका, एवढं मला वचन द्या."

आकाराम लाजला. शेजारच्यानं त्याच्या पाठीत थाप मारली, "मास्तर झालास की रं गड्या." सगळी शेड हसली. मग चहा आला, वडे आले आणि तक्ता फिरला. आकारामनं सही केली ती सावकाश, पूर्ण नावानिशी, वडिलांच्या नावासकट.

पुढच्या मंगळवारी तो मधूला गेटवर भेटला.

"उद्या एक टाकी हाय सायेब. तुमच्या पुस्तकापरमानंच उतरनार. लालासाहेब वराडतोय, यळ जातो म्हनून. म्या म्हनलं, पुस्तकात लिवलंय, आमी सही केलीया."

"शाब्बास," मधू म्हणाला.

त्या संध्याकाळी घरी जाताना त्यानं भडंगाची पुडी घेतली आणि अनसूयेला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत नोकरीतली सांगण्यासारखी ही पहिलीच गोष्ट होती. दोघांनी भडंग खाल्लं, कांदा चिरून घेऊन. आपल्या हातून एक बरं काम झालं असं मधूला वाटलं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

बुधवारी साडेदहाला भिंतीपलीकडं आवाज झाला. ऑफिसच्या खिडक्या हादरल्या, वागळ्यांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास पडला. मधू धावत यार्डात गेला तेव्हा टँकरची टाकी वरून फाटून उघडी पडली होती आणि झाकण यार्डाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडलं होतं. आकाराम टाकीच्या पलीकडं जमिनीवर होता. त्याच्याकडं बघवत नव्हतं. कुणीतरी गोणपाट आणून टाकलं. बाकीचे सात जण वीस पावलांवर उभे होते, एकालाही खरचटलं नव्हतं.

"त्यानंच आमाला लांब काडलं," एक जण सांगत होता. "म्हनला, पेवाच्या तोंडाशी गर्दी करू नये, हवा कोंडती. टाकी राती उगडी ठिवली हुती, पान्यानं धुतली हुती. आत काय बी नव्हतं. मग त्यानं कंदील पेटवला, सुतळीला बांदला, आन् वरनं आत सोडला."

"कंदील?" मधूनं विचारलं.

"व्हय की. पेवात सोडत्यात तसा. कंदील जळत ऱ्हायला तर मानूस जगतो, इझला तर उतरायचं न्हाई."

डेपोत काडीला बंदी होती. पण हे यार्ड डेपोत येत नव्हतं. इथं रोज वेल्डिंगच्या ठिणग्या उडायच्या, तीन दगडांवर भात शिजायचा. आणि आत पेट्रोल नव्हतं, ते काढूनच टाकलं होतं. उरली होती ती नुसती वाफ, न दिसणारी. पुस्तिकेत तेही होतं, 'रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक.' मधूनं ते मराठीत केलं होतं, समजावूनही सांगितलं होतं. आणि घातक टाकीचं काय करायचं? तर पेवावर करता तेच. हेही त्यानंच सांगितलं होतं.

लालासाहेब दुपारी उंब्रजहून आला. बुलेटवरून उतरला, टाकीभोवती एक फेरी मारली आणि मधूपुढं येऊन उभा राहिला.

"शेंडे सायेब, तुमचं पुस्तक येन्याआधी धा वर्सं ही मान्सं बिनतपासनीची उतरत हुती. डोकं धरायचं, ओकायची, एक ज्ञानू याडा झाला. पन मेलं न्हाई कुनी."

उरलेला दिवस मधू हिशेब लावत राहिला आणि हिशेब दर वेळी तोच यायचा. पुस्तिका आलीच नसती, तर आकाराम नुसताच दोर बांधून उतरला असता, संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून लवकर झोपला असता आणि गुरुवारी कामावर आला असता.

चौकशीला मुंबईहून कारखानीस नावाचे साहेब आले. त्यांनी पहिल्या तासातच सह्यांचा तक्ता मागवला, आकारामची सही बघितली आणि त्यांचा चेहरा सैलावला. ठेकेदाराचा कामगार, कंपनीच्या आवाराबाहेर, उघडी ज्योत, नियम माहीत असल्याची सही. निष्कर्ष लिहायला त्यांना फार वेळ लागणार नव्हता.

"साहेब, मला माझं म्हणणं लेखी द्यायचंय," मधू म्हणाला. त्यानं चार पानं लिहून आणली होती. पेवाची ओळ, आकारामचा प्रश्न, आपलं उत्तर, सगळं जसंच्या तसं.

कारखानिसांनी ती नीट वाचली. माणूस उर्मट नव्हता. "शेंडे, तुमच्या पुस्तिकेत कंदील हा शब्द कुठं आहे?"

"नाही. पण त्याला पेव म्हटलं की कंदीलच कळणार. मला कळलं नाही. मी कधी पेव बघितलेलंच नाही, साहेब."

"मग शब्द नाही. आणि तुम्ही तोंडानं काय बोललात ते रेकॉर्डवर नाही."

"तेच तर रेकॉर्डवर घ्या म्हणतोय."

"घेतो की," कारखानीस म्हणाले आणि चार पानं फाईलमध्ये सगळ्यात खाली लावली. ती पुढं कुणी वाचली नाहीत. मधूला ना मेमो आला, ना बदली झाली, ना कुणी चार शब्द सुनावले. शिक्षा झाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. हेड ऑफिसनं फक्त एक पत्रक काढलं, की यापुढं पुस्तिकेचं स्थानिक पातळीवर भाषांतर करू नये आणि फक्त मूळ इंग्रजी आवृत्ती वापरावी. मधूच्या तीस पानांच्या उरलेल्या प्रती वागळ्यांनी गोळा करून कपाटात घातल्या.

महिन्याभरानं निष्कर्षाचं पत्र आलं. ते आकारामच्या घरी पोचवून त्यावर सही आणायची होती. वागळे म्हणाले, "तुमची बायको हरिपूरलाच शिकवते ना? मग तुम्हीच जा." मधू नाही म्हणू शकला असता. पण आपलं तोंड दाखवायचं राहिलं होतं, ते कधीतरी दाखवायलाच हवं होतं.

नाथाजी ओसरीवर बसला होता. सत्तरीचा म्हातारा, चाळीस वर्षं पेवात वाकून पाठीला पोक आलेलं. आकारामची बायको साळूबाई दाराआड उभी राहिली. मधूनं आपण कोण ते सांगितलं आणि मग, पत्र काढायच्या आधीच, सगळं बोलून टाकलं. शाळेत मुलानं चूक कबूल करावी तसं, खाली बघत. पुस्तिका मी लिहिली. पेवाचं मीच घातलं. कसं तपासू म्हणून त्यानं विचारलं तर पेवावर करता तसंच कर म्हणालो.

म्हाताऱ्यानं एकच विचारलं.

"कंदील इझला हुता का जळत हुता?"

"काका, तिथं तसं नसतं. ज्योत आत गेल्या गेल्या वाफेनं पेट घेतला."

"म्हंजी त्यो उतरलाच न्हाई?"

"नाही. वर झाकणाशीच होता."

नाथाजीनं मान हलवली. "मला वाटलं, कंदील इझला आसताना बी उतरला आसंल. घाई लय त्याला. ल्हानपनी दोनदा त्यापायी मारला हुता म्या. तुमी सांगितलं, म्या शिकवलं, त्यानं केलं. आता कुनाला काय म्हनावं?"

साळूबाई दाराआडून म्हणाली, "त्या कागदात काय हाय, ते इचारा की."

मधूनं पत्र उघडलं. इंग्रजी, अडीच ओळी. गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. कंपनीला दुःख झालंय असं म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण ज्यांना वाचता येत नाही त्यांना खरं काय ते त्यांच्या भाषेत सांगायचं, या एका गोष्टीपायी तर त्यानं हे सगळं आरंभलं होतं. त्यानं शब्द न् शब्द मराठीत सांगितला.

"यात लिहिलंय, अपघात कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळं झाला. त्याला नियम माहीत होते, तरी त्यानं ते मोडले. आणि खाली, घरच्यांना हे मान्य आहे, म्हणून सही."

"त्यानं न्याम मोडलं?" नाथाजीनं विचारलं.

"नाही. एकट्या त्यानंच पाळले."

"मग तुमचं नाव हाय का त्यात?"

"नाही काका. मी लिहून दिलं होतं. घेतलं नाही त्यांनी." मधूनं पत्र मागं ओढलं. "तुम्ही सही करू नका. मी परत घेऊन जातो. सांगतो, मान्य नाही म्हणाले."

नाथाजीनं दाराकडं बघितलं.

"लालासाहेब येऊन गेला," म्हातारा म्हणाला. "म्हनला, कंपनीचा कागद निस्तरला की साळूला यार्डात झाडलोटीला घेतो. न्हाई निस्तरला तर त्याचा बी विलाज न्हाई म्हनला." त्यानं धोतराला हात पुसले. "समजलं आमाला, सायेब. तुमी नीट सांगितलं. सही कुटं करायची त्येवडं दावा."

मधूनं खिशातलं पेन काढून म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि कागदावर बोट ठेवून जागा दाखवली.